कव्हरवरची ओळ आणि आतला लेख जुळत नसेल तर ती चूक धरायची का?

कानामात्रा:
परवा एक विज्ञान मासिक घेतलं, निव्वळ कव्हर बघून. मोठ्या अक्षरात 'स्मृतिभ्रंशावर उपाय सापडला'. आमच्या घरात हा आजार आहे त्यामुळे उभ्या उभ्याच पान शोधून वाचायला लागले, आणि आत काय तर उंदरांवरचा प्रयोग, संशोधक स्वतःच म्हणतायत की माणसांवर चाचण्या व्हायला अजून बरीच वर्षं आहेत. लेखात एक शब्द खोटा नाही, उलट फार जपून लिहिलाय. पण कव्हरवर जे छापलंय ते खरं नाही ना! मैत्रीण म्हणाली, कव्हर म्हणजे जाहिरातच गं, कशाला मनावर घेतेस. मला नाही पटत. कव्हरवरच्या वाक्याला खरंखोट्याचा नियम लागतो की नाही? आणि ते लिहितं कोण, लेखकच का?

शाईचे बोट:
लेखक सहसा नाही लिहीत. मी काही वर्षं एका मासिकात डेस्कवर होतो. लेखातले आकडे तपासायचो, नावं तपासायचो, शंका आली की लेखकाला फोन. कव्हरच्या ओळी मात्र संपादक, डिझायनर आणि विक्री बघणारं कोणीतरी असे बसून ठरवायचे, जागा चार-पाच शब्दांची. मग आधी काय उडतं? 'काही रुग्णांमध्ये', 'उंदरांवर', 'कदाचित'. म्हणजे ज्या शब्दांमुळे वाक्य खरं असतं तेच. त्यात कव्हर वेगळ्या जाड कागदावर वेगळं छापलं जायचं, बऱ्याचदा आधी, त्यामुळे आतल्या लेखात शेवटच्या दिवशी दुरुस्ती झाली तरी कव्हर तसंच राहायचं. लेखकाला ओळ कळायची अंक हातात आल्यावर. एका बाईंनी फोन करून विचारलं होतं की मी असं कुठे म्हटलंय ते दाखवा, आणि माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं, ते अजून सलतं.

अर्धविराम:
याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे 'न्यू सायंटिस्ट' या ब्रिटिश विज्ञान साप्ताहिकाचा जानेवारी २००९ चा अंक. कव्हरवर 'डार्विन चुकला होता'. तेही डार्विनच्या जन्माला २०० वर्षं होत होती त्या साली! आतला लेख जीवसृष्टीच्या वंशवृक्षाबद्दल होता. बॅक्टेरियांमध्ये जनुकं नुसती आईकडून पिलाकडे जात नाहीत, शेजारच्या दुसऱ्याच जातीतही जातात, त्यामुळे एका खोडाला फुटलेल्या फांद्या हे चित्र तिथे अपुरं पडतं. उत्क्रांती खोटी असं लेखात कुठेही नाही, आणि उत्क्रांती न मानणाऱ्यांनी यावरून खूश होऊ नये असं त्याच अंकाच्या संपादकीयात लिहिलं होतं. पण ते वाचणार कोण, कव्हर तर सगळ्यांना दिसलं. तत्त्वज्ञ डेनेट आणि कॉइन, डॉकिन्स, मायर्स हे जीवशास्त्रज्ञ यांनी मिळून निषेधाचं पत्र पाठवलं, त्यांचा मुद्दा हाच की शाळांमधून उत्क्रांती हटवू बघणाऱ्यांच्या हातात तुम्ही आयतं कव्हर दिलंत.
म्हणून मला 'जाहिरातच असते' हे अजिबात मान्य नाही. जो अंक विकत घेतो त्याची दिशाभूल निदान आत गेल्यावर तरी दूर होते, जो स्टॉलसमोरून नुसता पुढे जातो त्याच्याजवळ ती एकच ओळ उरते.

तिसरीघंटा:
थोडी दुसरी बाजू. चार शब्दांत सगळ्या अटी मावणार नाहीत हे पण मान्य करायला हवं, आणि धक्का देणारं प्रत्येक कव्हर फसवं नसतं. 'टाइम'ने एप्रिल १९६६ मध्ये काळ्या कव्हरवर लाल अक्षरात 'देव मेला आहे का?' एवढंच छापलं होतं, लोक भडकले, पण आत खरंच तोच प्रश्न होता, धर्मशास्त्राचे अभ्यासक त्यावर वाद घालत होते. प्रश्नचिन्ह तेव्हा खोटं ठरतं जेव्हा उत्तर 'नाही' आहे हे संपादकाला आधीच माहीत असतं.
आणि नुसत्या शब्दांचंच बघू नका. 'नॅशनल जिओग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या कव्हरवर गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते, आडवा फोटो उभ्या कव्हरात बसेना म्हणून. कारण तेच, जागा!

कानामात्रा:
सगळ्यांचे आभार, खूप कळलं. तिसरीघंटा, जागेचं मला समजतं हो, पण 'उपाय सापडला'च्या जागी 'उपाय शोधताना' लिहिलं असतं तर एक अक्षरही वाढलं नसतं. म्हणजे खरं वाक्य त्या जागेत मावत होतं, निवडलं दुसरं. तो अंक घरी आल्यावर बाबांनी टेबलावर बघितला आणि मला विचारलं, औषध आलं का गं? त्यांना 'नाही' सांगायची वेळ माझ्यावर आली. संपादकांना पत्र लिहायचंय, पण नुसता राग काढायचा नाहीये. काय मागू?

शाईचे बोट:
कव्हरची ओळ आणि आतलं तिला खोडणारं वाक्य पान क्रमांकासकट एकाखाली एक लिहा, बाकी विशेषणं नकोत. दिलगिरीपेक्षा दोन गोष्टी मागा. एक, खुलासा पुढच्या अंकाच्या अनुक्रमणिकेच्या पानावर यावा, शेवटच्या पानावरच्या बारीक चौकटीत नको. दुसरं, कव्हर छापायला जायच्या आधी ती ओळ लेखकाला दाखवा. एका फोनचं काम आहे, आम्ही तेवढंही करत नव्हतो. आणि बाबांचा प्रश्न पत्रात नक्की लिहा.