सॉफ्टवेअर सारखं बंद पडतंय, आईचे अकरा अभंग आत अडकलेत

ओवी_नारायणपेठ
नमस्कार मंडळी. नारायण पेठेत घरीच रेकॉर्डिंग करते. आई ७८ वर्षांची आहे. गेल्या दोन वर्षांत तिचे अकरा अभंग रेकॉर्ड केले. आवाज, पेटी, तबला, टाळ, आणि तानपुरा सॉफ्टवेअरमधला. खोली रस्त्याकडेची, म्हणून गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, पहाटे साडेपाचलाच बसायचो. आता तिचा दम पुरत नाही. पुन्हा गाऊन घेणं शक्य नाही.

हे सगळं ज्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं ते मी नऊ वर्षं वापरतेय. शेवटच्या अपडेटनंतर प्रोजेक्ट उघडताना, प्लगइन (इफेक्ट किंवा वाद्यांची जोड-सॉफ्टवेअर) लोड होता होताच, ते बंद पडतं. तीन महिने कंपनीला मेल करतेय, उत्तर एकच येतं: काढून परत इन्स्टॉल करा. चार वेळा केलं. गेल्या गुरुवारी सेव्ह केलं तर फाइल शून्य केबीची! आदल्या दिवशीची कॉपी होती म्हणून वाचले. त्या रात्री झोप लागली नाही.

मला आता भांडायचं नाही, बाहेर पडायचंय. पण आतलं कसं काढू? आणि जाऊ कुठे? विंडोज लॅपटॉप आहे, १६ जीबी रॅम, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची डबी).

पेटीवाला_कोथरूड
ताई, आधी अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि यापुढे मूळ फाइलला हात लावू नका. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ऑडिओचा वेगळा फोल्डर असेल. त्यातल्या वेव्ह फाइल्स कुठल्याही प्लेअरमध्ये वाजतात. म्हणजे आईंचा आवाज सुरक्षित आहे, अडकलंय ते मिक्सिंग.

प्लगइनमुळेच बंद पडत असेल तर कॉमन फाइल्समधल्या व्हीएसटी३ फोल्डरचं (प्लगइन तिथे असतात) नाव तात्पुरतं बदला. प्लगइन सापडले नाहीत की प्रोजेक्ट बहुतेकदा त्यांच्याशिवाय उघडतो. मग प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत वेव्ह करून काढा, २४ बिट. सगळे शून्यापासून सुरू झाले की दुसरीकडे आपोआप जुळतात. मात्र तानपुरा प्लगइनमधला असेल तर तो असा निघणार नाही, नवीन लावावा लागेल.

सम_सिंहगडरोड
वरच्यांशी सहमत. भर एवढीच की सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते) बदलू नका. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ ची समजून वाजवली तर पांढरी पाचमधला अभंग काळी चार आणि पांढरी सहाच्या अधेमध्ये जातो आणि लयही चढते. माझा एक पखवाज असाच बिघडला होता, कारण कळायला दोन दिवस गेले. जागेची काळजी नको, सहा मिनिटांचा एक मोनो ट्रॅक साधारण ४८ एमबी होतो.

मी रिपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलर. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: त्याची प्रोजेक्ट फाइल साधा मजकूर असते, नोटपॅडमध्येही उघडते. उद्या काही झालं तरी कुठली वेव्ह कुठे बसवली होती ते वाचता येतं.

जुनीटेप
माझं मत थोडं वेगळं. सोडायच्या आधी अपडेटपूर्वीची आवृत्ती एकदा परत टाकून बघा. कंपनीच्या खात्यात जुने इन्स्टॉलर बऱ्याचदा असतात. एकदा जरी नीट उघडलं तरी मिक्ससकट ट्रॅक काढता येतील.

ओवी_नारायणपेठ
तिघांचेही मनापासून आभार. जुना इन्स्टॉलर मिळाला नाही. फोल्डरचं नाव बदलल्यावर मात्र नऊ अभंग उघडले! सगळे ट्रॅक काढले, दोन ठिकाणी ठेवले. उरलेले दोन सुट्या टेकमधून (एकेका वेळच्या रेकॉर्डिंगमधून) जुळवतेय. टाळाच्या पहिल्या ठोक्याची टोकदार रेघ स्क्रीनवर स्पष्ट दिसते, तिच्यावरून लावते.

त्या टेकमध्ये आईचा मी कापलेला आवाज सापडला: "थांब गं, पाणी दे आधी." तो आता राहू दिलाय.

रिपरमध्ये तीन दिवस झाले, एकदाही बंद पडलेलं नाही. एकच विचारायचंय. टाळ फार टोचतोय, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर कमी करू?

सम_सिंहगडरोड
६ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास ऐकत ऐकत शोधा. पण त्याआधी टाळाचा फेडरच (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) जरा खाली घेऊन बघा, ताई.