मदत हवी आहे: मोबाइलवर वाचून कॉमिकच्या चित्रांचं परीक्षण कसं करावं?

जळगावातल्या आमच्या वाचनकट्ट्यासाठी मी सुपरहिरो कॉमिक्सच्या नव्या अंकांवर लिहितो. छापील अंक इथे मिळत नाहीत, म्हणून बुधवारी अंक आला की किंडलवर विकत घेतो. मार्व्हल अनलिमिटेडवर (मार्व्हलची वर्गणी भरून वाचायची सेवा) तो साधारण तीन महिन्यांनी येतो, तोवर उशीर होतो.

कथेवर लिहायला अडत नाही, चित्रांवर अडतं. एकेक चौकट मोठी करून वाचली की पानाची मांडणी कळत नाही. जोडपानावरची, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या चित्रातली झेप तर मधोमध चिरली जाते. मोबाइल आडवा धरला की फुग्यांतली अक्षरं वाचवत नाहीत. टॅबलेट-लॅपटॉप नाही, चोरीच्या प्रती नकोत.

आधी फक्त पानं बघून मग वाचायचं, असं कुणी करतं का? आणि शाई (पेन्सिलच्या रेखाटनावर फिरवलेल्या काळ्या रेषा) नि रंग यांचं काम वेगवेगळं कशावरून ओळखता?