स्टेशनच्या नावातला ‘रोड’ म्हणजे नक्की काय?

दांडियाबाजारकर: पुण्याची मामेबहीण आपल्या वडोदऱ्याजवळच्या पावागडला जायचं म्हणून निघालीय. ॲपवर तिला वडोदरा-गोधरा लाइनवर ‘चांपानेर रोड’ सापडलं. म्हणते, चांपानेर गडाच्या पायथ्याशीच आहे, तिथेच उतरते, समोरच गड असेल. फोनवर कसंबसं थोपवलंय. पाटीवर गुजरातीत ‘रोड’, हिंदीत ‘रोड’, इंग्रजीतही तेच. यातून परक्या माणसानं काय समजायचं?

रावपुरा_जुना: रेल्वेच्या नावातला ‘रोड’ म्हणजे आपल्या एसटीचा ‘फाटा’. गाव इथे नाही, गावाकडे जायला इथे उतरा. फाट्यावर उतरलं की पुढे चालायचंय किंवा रिक्षा बघायचीय, हे कुणाला सांगावं लागत नाही. ‘रोड’मध्ये ती सूचना ऐकूच येत नाही. आबू रोडला उतरून माउंट आबू शोधणारे दर सुट्टीत भेटतात. वर जायला अजून २५-३० किलोमीटर घाट!

मकरपुरा: फाटा पूर्ण पटत नाही, काका. फाट्याला रस्ता फुटावा लागतो, रोडला तशी अट नाही. आणि मुंबई-नाशिककडच्यांचे कान वेगळे. ‘नाशिकरोडला राहतो’ असं लोक सर्रास म्हणतात, कारण स्टेशनभोवती आख्खी वस्ती झाली. वसई रोडचंही तेच. त्यांना ‘रोड’ हे निव्वळ शेपूट वाटतं.

रावपुरा_जुना: फुटायचा की! चांपानेर रोडहून पूर्वी शिवराजपूरच्या मँगनीज खाणींकडे नॅरोगेज जायची. आता रूळ गेले, नाव राहिलं.

मकरपुरा: मग फाटा मान्य. पण ‘रोड’ला निदान काही अर्थ तरी आहे. ‘छायापुरी’ वाचून ते वडोदऱ्यातच आहे, हे बाहेरच्याला कसं कळावं? अहमदाबादहून रतलामकडे जाणाऱ्या काही गाड्या मुख्य स्टेशनात शिरतच नाहीत, तिथेच थांबतात. आणि आपण मुख्य स्टेशनबाहेर सयाजीगंजच्या बाजूला पाहुण्यांची वाट बघत उभे.

दांडियाबाजारकर: वांद्रे टर्मिनसचंही तेच ना? मराठीत वांद्रे, हिंदीत बांद्रा, आणि लोकलचं वांद्रे स्टेशन निराळंच.

रावपुरा_जुना: हो, पण तो वाद वेगळा धागा मागतो. बहिणीला सांगा, वडोदऱ्यालाच उतर, सयाजीगंजच्या बाजूनं बाहेर पड, एसटी डेपो चालत गाठता येतो. हालोलमार्गे जाणारी बस घे, जेमतेम ५० किलोमीटर. माचीपर्यंत गाडी जाते, पुढे रोपवे किंवा पायऱ्या.