क्रंचसाठी गेन ८ वर कशाला?

खरज : क्रंच टोनसाठी, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या किंचित खरखरीत आवाजासाठी, अँपच्या (ध्वनिवर्धकाच्या) बटणांची 'गेन ८, बेस ८, मिड २, ट्रेबल ८' ही मांडणी (गेन खरखर वाढवतो; बेस, मिड, ट्रेबल अनुक्रमे खालचे, मधले, वरचे स्वर) नवशिक्यांनी डोळे झाकून वापरावी, असे काल इथे लिहिले गेले, ते वाचून गप्प बसवेना. क्रंचमध्ये कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू यायला हवा, शिवाय हलक्या आघाताला आवाज स्वच्छ आणि जोरकस आघाताला खरखरीत व्हायला हवा. गेन ८ वर गेला की हा फरकच पुसला जातो. एसी/डीसी या रॉक बँडचा गिटारवादक माल्कम यंग गेन बेताचाच ठेवत असे. बाकीचे काम जाड तारा आणि उजवा हात करत. गेन ४, मिड ६, बेस ४ इथून सुरुवात करावी.

झणत्कार : ती मांडणी माझी आहे. सहा वर्षे मी तिच्यावरच वाजवतो आहे. माझ्या लहान ट्रान्झिस्टर अँपवर मिड चढवला की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. खोलीत येऊन ऐका, मग बोला.

खरज : खोलीत, हेच तर दुखणे आहे. हळू आवाजात कानाला खर्जातले आणि अगदी वरचे स्वर कमी जाणवतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले. म्हणून एकट्याने वाजवताना मिड कापलेला गोड लागतो. बँडमध्ये मात्र खालची जागा बेस गिटार व किक ड्रम घेतात, वरची झांजा घेतात आणि गिटार मधल्या मध्ये नाहीशी होते. माझ्या पहिल्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणात मला माझीच गिटार शोधावी लागली होती.

निखारा : तुम्ही दोघेही आकड्यांत अडकला आहात. अस्सल क्रंच अँपमधले पॉवर व्हॉल्व (आवाजाला शक्ती देणाऱ्या काचेच्या नळ्या) ताणले गेल्यावरच येतो. १९६५ च्या १०० वॅटच्या मार्शल सुपर लीड अँपला मास्टर व्हॉल्यूमच (खरखर राखून एकूण आवाज कमी करणारे बटण) नव्हता. मोठ्याने वाजवल्याशिवाय त्याचा आवाज खरखरीत होत नसे. अँप मोठ्याने वाजवा, बाकी सगळी तडजोड आहे.

टिपरी : मी ड्रम वाजवतो आणि याच हट्टापायी माझा उजवा कान कायमचा गुणगुणतो. आमचा गिटारवादक 'व्हॉल्व ताणू दे' म्हणत दोन वर्षे माझ्या डोक्यामागे अँप ठेवत असे. असला सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे.

निखारा : दोष अँप ठेवणाऱ्याचा आहे, व्हॉल्वचा नाही. ५० वॅटचा घेतला असता तर?

टिपरी : निम्म्या वॅटने जेमतेम ३ डेसिबल उतरतात! एवढे ठाऊक नसताना दुसऱ्यांना मोठ्याने वाजवायला सांगू नका.

निखारा : ३ डेसिबलचे मान्य. मग ५ वॅटचा अँप घ्यावा, किंवा अटेन्युएटर (अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून आवाज कमी करणारे उपकरण) लावावा. त्यात स्पीकर पुरेसा ताणला जात नाही, हे दुःख मला राहीलच. कानांविषयी आधी लिहायला हवे होते, हेही खरे.

झणत्कार : काल तालमीत गेन ५, मिड ६ ठेवून पाहिले. गिटार ऐकू आली, एवढे मान्य करतो. माझ्या लेखातील 'डोळे झाकून' हे शब्द काढून 'एकट्याने वाजवताना' असे घालतो. खोलीत मात्र मिड २ वरच राहील.