पीएचपीत कोंबलेलं एचटीएमएल वेगळं कसं काढू?

म्हापशेकर: मोरजीच्या एका होमस्टेची बुकिंग साइट गळ्यात पडलीय, आधीच्याने अख्खं एचटीएमएल इकोमध्ये (पीएचपीची छापायची कमांड) कोंबलंय, डबल कोटात सिंगल कोट, मधेच क्वेरी, मधेच टेबलची रो, एक डिव कुठे बंद होतो ते शोधायला सगळी फाइल चाळायची. डिझाइनवाली तर फाइल उघडायलाच तयार नाही. ऑक्टोबरात सीझन सुरू, तोवर निस्तरायचंय. फ्रेमवर्क टाकू की ट्विग, म्हणजे पीएचपीची टेम्प्लेट लायब्ररी, पुरे?

फोंडेकर: फ्रेमवर्क नको रे आत्ता. फाइलीचे दोन भाग कर, वर क्वेऱ्या आणि हिशेब, शेवटी रूम्सचा अ‍ॅरे तयार, खाली नुसतं एचटीएमएल. टॅग इकोने छापू नको, उघडे लिही, व्हॅल्यू हवी तिथे छोटा इको टॅग (<?= ?>) टाक, तो पीएचपी 5.4 पासून कुठेही चालतो, सेटिंग बघावी लागत नाही. लूपला महिरपी कंस नको, कोलनवाला फॉरईच नि खाली एंडफॉरईच, म्हणजे कुठला कंस कुणाचा हे मोजत बसायला नको. जमलं की खालचा भाग, म्हणजे टेम्प्लेट, वेगळ्या फाइलीत टाकून इन्क्लूड कर.

ताळगावकर: एस्केपिंगचं, म्हणजे कोटासारखी चिन्हं छापण्याआधी सुरक्षित करण्याचं, कोण बघणार? गोव्यात साइट चालवायची तर डि'सोझा, डि'मेलो येणारच. इनपुटची व्हॅल्यू सिंगल कोटात असेल तर त्या अपॉस्ट्रॉफीवर नाव तुटतं. त्यासाठीचं एचटीएमएलस्पेशलचार्स फंक्शन लावलं तरी पीएचपी 8.1 च्या आधी ते सिंगल कोट तसाच सोडतं, ईएनटी-कोट्स हा फ्लॅग द्यावाच लागतो. ट्विग हे आपोआप करतं, म्हणून माझं मत ट्विगला, फक्त उगाच रॉ फिल्टर लावत सुटू नको, त्याने एस्केपिंग बंद होतं.

म्हापशेकर: आयला, म्हणूनच एडिट फॉर्मात नुसतं 'डी' दिसतंय, मी डेटाबेसला शिव्या घालत होतो! बरं, डिसेंबरचा वाढीव रेट, त्याचा इफ टेम्प्लेटात चालेल?

फोंडेकर: नाही, तो वरच. तोच रेट बिलात लागणार, ईमेलात लागणार, तीन जागी इफ कोण सांभाळणार. 'रूम शिल्लक नाही'वाला इफ मात्र टेम्प्लेटातच राहू दे, तो दाखवण्यापुरताच आहे. टेम्प्लेटात एकही इफ नको म्हणणारेही आहेत, पण मग सीएसएसचे क्लास कोडात जुळवत बसतात, म्हणजे मार्कअप परत आत घुसलंच की.

ताळगावकर: होस्टिंगवर पीएचपी कुठलं ते आधी बघ हां, ट्विगची नवी व्हर्जन्स जुन्यावर चढत नाहीत.

म्हापशेकर: 7.4 😅 मग आत्ता दोन फाइली आणि ईएनटी-कोट्स, ट्विगचं होस्टिंग बदलल्यावर बघू.