मदत हवी आहे : जीव तोडून खेळणारा, पण सतत कार्ड खाणारा खेळाडू. काय करावं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचं काम बघतो. नाव मुद्दाम देत नाही, अर्धी पेठ इथं वाचत असते. प्रशिक्षक वेगळे आहेत. माझ्याकडे नोंदणी, किट आणि भांडणं मिटवणं. सध्या शेवटचंच जास्त.

आमच्या मधल्या फळीत एक पोरगा आहे. डिफेन्सच्या पुढं उभं राहून बॉल हिसकावणं हे त्याचं काम, आणि ते तो असं करतो की समोरचा प्लेमेकर अर्ध्या तासात साइडलाइनला सरकलेला असतो. सरावाला सगळ्यांच्या आधी हजर. गोल बसला की बाकीच्यांच्या माना खाली जातात, हा एकेकाला नावानं हाक मारून उठवतो. तो नसला की आमची मधली फळी म्हणजे सताड उघडं दार.

पण डोकं! त्याची कार्डं तपासली तर टॅकलची थोडी, बहुतेक तोंडाची आणि हाताची. फाऊल दिला की पंचांच्या अंगावर धावून जाणं, हातवारे, शिट्टी झाल्यावर बॉल लांब मारणं. समोरच्या संघांना आता हे पक्कं ठाऊक झालंय. परवाच्या सामन्यात त्याला आधीच एक पिवळं होतं. थ्रो-इनच्या वेळी त्यांच्या विंगरनं पंचांची पाठ बघून याच्या बुटावर पाय दिला, कानात काहीतरी पुटपुटला आणि हसत मागं सरकला. यानं दोन्ही हातांनी छातीत ढकललं. दुसरं पिवळं, म्हणजे लाल. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत आमचेच लोक टाळ्या पिटत होते!

पुढचं सांगायला नको. लेफ्ट बॅक वर जायचाच बंद झाला, एक स्ट्रायकर मागं ओढावा लागला, आणि बरोबरीत चाललेला सामना शेवटी शेवटी गेला. वर पुढच्या सामन्याची बंदी आहेच.

मंडळात आता तट पडलेत. ज्येष्ठ म्हणतात, "वाघाचं शेळपट करू नका." प्रशिक्षक म्हणतात, बसवा चार सामने बाहेर. काहींचं मत, कॅप्टन करा, जबाबदारी आली की सुधारेल. दाखला मँचेस्टर युनायटेडचा कॅप्टन रॉय कीनचा. १९९९ साली चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला तूरिनमध्ये युव्हेंटसविरुद्ध युनायटेड ०-२ नं मागं असताना त्यानं हेडरनं गोल केला, नंतर पिवळं कार्ड मिळून फायनल हुकणार हे कळूनही तो तसूभर मागं हटला नाही, आणि संघ ३-२ नं जिंकला. सगळं खरं. पण हाच कीन २००२ च्या वर्ल्ड कपआधी सायपनमध्ये मॅनेजरशी भांडला आणि आयर्लंडला कॅप्टनशिवाय खेळावं लागलं, हे कुणी बोलत नाही.

खेळातली धार न घालवता हे तोंड आवरायचं कसं? कुणी असा खेळाडू सांभाळला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
मी पंच म्हणून सामने करतो, त्या बाजूनं सांगतो. कॅप्टन अजिबात करू नका. २०२४ च्या युरो कप स्पर्धेपासून पंचांशी फक्त कॅप्टननं बोलायचं ही पद्धत रुळतेय. म्हणजे जिथं हा घसरतो, तिथंच तुम्ही त्याला अधिकृतपणे पाठवणार! उलट करा. ही पद्धत सरावापासूनच लावा. शिट्टी वाजली की यानं पाठ फिरवून आपली जागा धरायची, बोलेल तो कॅप्टन. सराव सामन्यात मुद्दाम चुकीचे फाऊल द्या आणि बोलला की दहा मिनिटं बाहेर काढा. संघ दहा जणांत खेळताना बाहेरून बघू दे. टॅकलबद्दल मात्र चकार शब्द काढू नका, नाहीतर पाय घालायलाच बिचकेल.

प्रतिसाद २
चार सामने बसवून राग वाढेल, बाकी काही नाही. मँचेस्टर युनायटेडचा कँटोना आठवा. जानेवारी १९९५ मध्ये लाल कार्ड मिळून बाहेर जाताना त्यानं प्रेक्षकाला लाथ घातली, सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी आली, आणि युनायटेडची लीग एका गुणानं ब्लॅकबर्नकडे गेली. मॅनेजर फर्ग्युसननं त्याला सोडलं नाही. पुढच्या हंगामात लीगही आली आणि एफए कपही, फायनलचा एकमेव गोल त्याचाच. अर्थात तो कँटोना होता, हेही खरं.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. कॅप्टनचा विषय मिटला असं समजतो. दहा मिनिटांचा प्रयोग प्रशिक्षकांच्या कानावर घातलाय, त्यांना पटलाय. अडचण एकच उरली. बंदीच्या सामन्याला हा त्याच टाळ्या पिटणाऱ्या गॅलरीत बसणार. त्याला तिथून काढून कुठं बसवू? सामना बघायचा नाही म्हटलं तर ऐकणारा नाही.