हौशी रेडिओत डिजिटल मोडना २.८ किलोहर्ट्झची रुंदी द्यावी का?

धंतोलीचा मोर्सवाला
“अमेरिकेने हौशी रेडिओच्या एचएफ (शॉर्टवेव्ह) बँडवरची ३०० बॉडची मर्यादा उठवली, तेव्हा भारतानेही अशा प्रत्येक बँडवर डिजिटल मोडना, म्हणजे संगणकाने मजकूर पाठवण्याच्या पद्धतींना, सरसकट २.८ किलोहर्ट्झची रुंदी द्यावी,” ही कालची मागणी वाचून गप्प बसवत नाही. एफटी८ या अरुंद डिजिटल मोडचा सिग्नल ५० हर्ट्झ घेतो. म्हणजे एका रुंद सिग्नलच्या जागेत तसे ५६ बसतात. ३० मीटरचा अख्खा बँड ५० किलोहर्ट्झचा, तिथे असा अठरावा रुंद सिग्नलही पुरता मावणार नाही. मग मोर्सने जायचे कुठे?

प्रतापनगर
आपण मूळ मुद्द्याला बगल देत आहात. ३०० बॉड ही सेकंदाला किती चिन्हे पाठवावीत याची मर्यादा होती, रुंदीची नव्हे. म्हणूनच जवळपास तेवढीच जागा घेणारा संथ पॅक्टर-३ हा डिजिटल मोड तिथे चालत होता आणि वेगवान पॅक्टर-४ला मज्जाव होता. अमेरिकेच्या २०२३च्या निर्णयाने ही विसंगती संपवली.

धंतोलीचा मोर्सवाला
असे मोड वापरणारी, माणसाविना चालणारी संदेश-केंद्रे पाठवण्याआधी बँड मोकळा आहे का, हे ऐकत नाहीत. माझे चालू क्यूएसओ (रेडिओवरची संभाषणे) त्यांनी वारंवार तोडले आहेत. शिवाय पॅक्टर-४ला महागडा खास मोडेम लागतो आणि व्हारा या दुसऱ्या डिजिटल मोडचे सॉफ्टवेअर बंदिस्त आहे. हौशी बँडवर काय बोलले जाते, हे कोणत्याही हॅमला (हौशी रेडिओचालकाला) उकलता आलेच पाहिजे.

अंबाझरीकाठचा
सप्टेंबर २०२३मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून आमच्या वस्तीत पाणी शिरले, वीज गेली, मोबाइलही बंद पडला, तेव्हा मी बॅटरीवर रिग (रेडिओसंच) लावली. ४० मीटरच्या बँडवर आवाज गडगडाटात बुडत होता, पण टंकलेला मजकूर पुण्याला जसाच्या तसा पोहोचला. पाण्यात अडकलेला माणूस सॉफ्टवेअर कोणाचे आहे, हे विचारत नाही.

धंतोलीचा मोर्सवाला
मोड कोणता होता?

अंबाझरीकाठचा
ऑलिव्हिया, ५०० हर्ट्झ.

धंतोलीचा मोर्सवाला
म्हणजे अरुंद मोड. आपला अनुभव माझ्याच बाजूने बोलतो.

प्रतापनगर
दोन ओळींपुरता. बेपत्ता माणसांची लांबलचक यादी त्याच वेगाने पाठवून पाहा. आणि मोर्सची परीक्षा दिली म्हणून बँडच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढत नाही!

धंतोलीचा मोर्सवाला
हे बोलणे अनाठायी आहे. आयएआरयू या हौशी रेडिओच्या जागतिक संघटनेच्या पहिल्या विभागाच्या (युरोप-आफ्रिकेकडच्या) आराखड्यात २००, ५०० आणि २७०० हर्ट्झ अशा रुंदीनुसार पट्ट्या आहेत; तशा आपल्याकडे पाळल्या जाणार असतील, तर २७००च्या पट्टीत रुंद मोडना माझी हरकत नाही. मानवरहित केंद्रांना मात्र मुभा नको.

प्रतापनगर
पट्ट्या मान्य, नाइलाजाने का होईना. केंद्रांवरची बंदी अमान्य. मध्यरात्री संदेश उचलायला कोणी जागे नसते, तेव्हा तीच उपयोगी पडतात. त्यांना एका पट्टीत बांधा, बंद करू नका.